आठवा कागद

रात्री दीडला माझी व्हॅन नेरिमाच्या गल्ल्यांतून
पाकिटं गोळा करत फिरायची.
पाकिटावर नंबर, आत पाच-सहा सेकंदांचं जग:
कुणाची वळणारी मान, सुटलेला स्कार्फ,
कधी नुसताच धूर.

मिनोबेबाईंचं घर शेवटी,
रेल्वे फाटकापलीकडे, लाँड्रीच्या वर.
जिन्यातच आंबूस वास यायचा.
न्हाणीघराशी रचलेली, रंगवलेली जुनी पारदर्शक पानं
हळूहळू व्हिनेगर होत होती.
“स्टुडिओ टाकून देणार होता,” त्या म्हणायच्या,
“मी टॅक्सी करून आणली. चार दिवसांची कमाई टॅक्सीत.”

कमाई म्हणजे कागदामागे मोजून पैसे.
पहिलं चित्र दुसऱ्याचं, शेवटचं चित्र दुसऱ्याचं,
मधलं सगळं त्यांचं.
हात वर आहे. हात खाली आहे.
त्या दोहोंमध्ये जे काय घडतं
ते कुणाच्या ध्यानात येऊ नये
अशा बेताने घडवायचं.
एकोणचाळीस वर्षं.

कुझुमी एकेकाळी त्यांच्या शेजारच्या टेबलावर.
एकाच जातीच्या ट्यूबलाइटवर दोघांनी डोळे जाळले.
मग तो मुख्य चित्रं काढू लागला,
मग इतरांची चित्रं सुधारू लागला,
मग दिग्दर्शक.
त्याचं नाव पडद्यावर एकटं येतं, काळ्यावर पांढरं,
घसा खाकरून आल्यासारखं.
बाईंचं येतं बावीस जणांच्या घोळक्यात,
त्यातही ‘हात्सुए’चं एक अक्षर चुकलेलं.
“चुकलेलं बरं,” त्या म्हणाल्या, “करखात्याला सापडत नाही.”

एकदा त्यांनाही मुख्य चित्रं मिळाली होती.
म्हातारी जमिनीवरून उठते, एवढंच.
पिवळ्या कागदावर कुझुमीचा शेरा आला:
फार वेळ घेते. लवकर उठव.
त्यांनी लवकर उठवली.
पुढल्या सोमवारी त्या परत मधल्या चित्रांकडे.
का, ते मी विचारलं नाही. मी तेवीस वर्षांचा होतो
आणि मला पाकिटं वेळेत हवी होती.

त्या हिवाळ्यात कुझुमीकडून दोन चित्रं आली.
त्याचा शेवटचा सिनेमा, सगळ्यांना ठाऊक,
कुणी बोलत नसे.
रेघा थरथरलेल्या. एकात माणूस चटईवर बसलेला,
दुसऱ्यात उभा.
कडेला आखलेलं: मध्ये सात.
खाली बारीक अक्षरात:
गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी कसा उठतो
ते आता माझं मलाच कळत नाही.

मी दाराशीच उभा.
त्यांनी काचेखालचा दिवा लावला,
तीन खुंट्यांवर कागद बसवला,
दोन बोटं कापलेला पांढरा मोजा हातात चढवला,
आणि मग, खुर्ची सोडून, जमिनीवर जाऊन बसल्या.
उठल्या. पुन्हा बसल्या. उठल्या.
मांडी, तळहात, एक गुडघा, टेबलाचा पाय.
चौथ्या खेपेला मी हात पुढे केला,
तर म्हणाल्या, “पाकीटवाले, मध्ये येऊ नका.”

पहाटे चारला पाकीट हातात पडलं.
ओइझुमीच्या सिग्नलला लाल दिवा.
उघडायचं नसतं, पण उघडलं.
बोटांच्या बेचक्यांत कागद धरून फडफडवले.
माणूस उठू लागतो. अर्ध्यावर येतो,
आणि परत टेकतो.
थोडासाच. जणू किल्ली विसरलाय,
किंवा उठून जायचं कुठे, तेच.
मग उठतो.

मागून कुणीतरी हॉर्न मारला.
मी कागद मोजले: आठ.
बिलावर सात लिहिलेले,
शेजारी त्यांचा शिक्का,
अजून ओला,
माझ्या अंगठ्याला लाल लागला.