दुसरी खुर्ची

माशेलच्या बाजारात, दुपारी अडीचला,
अर्ध्या ओढलेल्या शटराखालून
मला दिसला सोयरू म्हालो
स्वतःच्याच खुर्चीत बसलेला.
गळ्याभोवती गिऱ्हाइकाचं पांढरं कापड,
आणि आरशात बघत, दोन बोटांनी
स्वतःची हनुवटी
डावीकडे वळवत, मग उजवीकडे,
जशी चाळीस वर्षं अख्ख्या गावाची वळवली.

कॅमेरा होता. पण स्कूटरच्या डिकीत,
बाणस्तारीहून घेतलेल्या
सुक्या बांगड्यांच्या पुडीखाली.
किल्ली फिरेपर्यंत तो उठला,
कापड झटकलं (त्यावर काहीच नव्हतं)
आणि म्हणाला, "यो, बस."
सकाळीच दाढी केलेली. तरी बसलो.
काय सांगणार होतो?

मग दर गुरुवारी.
बायको म्हणाली, या वयात हे काय नवीन.
कॅमेरा आता मांडीवर, कापडाखाली,
मांजराचं पिल्लू लपवून आणावं तसा.
पण सोयरू म्हणजे उभा माणूस.
पट्ट्यावर वस्तरा घासताना उभा,
चहा पिताना उभा,
फोंड्याला दिलेल्या लेकीचा फोन आला
तरी खांद्याने कानाशी दाबून, उभाच.
एकदा धीर करून म्हटलं,
"जरा बसशील? त्या दिवशी बसला होतास तसा?"
बसला. पोट आत घेतलं,
शर्टाचं वरचं बटण लावलं
आणि पासपोर्टसाठी बघतात तसा बघत राहिला.
मी क्लिक केलंच नाही.

दुसरी खुर्ची शेजारीच आहे.
तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा.
ती आपाची, थोरल्या भावाची.
"माझी दाढी तोच करी," एवढंच एकदा बोलला,
वस्तरा माझ्या गळ्यावर असताना.

ऑक्टोबरात वीज गेली.
माझा एक गाल झालेला, एक फेसात.
पंखा थांबला तसा सोयरूही थांबला.
दारातून बाहेर डोकावून आला,
गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला
आणि आपाच्या खुर्चीत
टेकला.

घामाचा एक थेंब माझ्या कानामागून उतरत होता.
मी पुसला नाही.
आरशात त्याची दोन बोटं वर आली.
हनुवटी डावीकडे.
तिथे बराच वेळ.
त्याच्या मागे कुणी उभं नव्हतं.
मग उजवीकडे.

कापडाखालचा कॅमेरा छातीशी कसा आला, ठाऊक नाही.
फोटोत दाराकडचा उजेड आहे,
सोयरू आहे,
आणि त्याच्या शेजारी, अर्ध्या फेसातला,
तोंड उघडं पडलेला,
कुणाला दिसू नये असा मी.

पुढच्या गुरुवारी प्रिंट नेली.
दारात जाऊन त्याने ती तिरपी धरली,
जवळ घेतली, लांब केली,
आणि माझ्या कानाजवळ बोट ठेवलं.
"हो कल्लो वयर रावला मरे."
मग दुसऱ्या खुर्चीवरचा गठ्ठा उचलत म्हणाला,
"हांगा बस."