सांगावा

मार्च सरला की आमच्या गोळीबार चौकात
गल्लीभर कूलर येऊन बसतात,
मागच्या उन्हाळ्याचं काळं, कुबट गवत छातीत घेऊन.
माझे बाबा, शालिकराम धकाते,
माग विकल्यापासून कूलरच्या ताट्या बांधतात.
जुनं गवत ओरबाडताना हिरवट धूर उठतो.
तोंडाला फडकं नाही, विडी मात्र आहे.
‘काही होत नाही बापा,’ म्हणतात,
आणि बत्तीस वर्षं खरंच काही झालं नाही.

मी मेडिकलमध्ये, बुरशीच्या टेबलावर.
निळ्या थेंबाखाली तो धूर मला नावानिशी भेटतो,
ॲस्परजिलस,
देठावर गोंडा, पदराला लावावा इतका नीटस.
सुंदर म्हणू नये. पण आहे.

दिवसाला शेकडो बीजाणू आपण सगळेच ओढून घेतो.
झोपलेल्या बीजाणूवर पांघरूण असतं,
त्याला कुणी ओळखत नाही.
ओल लागते, तो फुगतो, पांघरूण उसवतं,
आतली साखरेची भिंत उघडी पडते.
पहाऱ्यावरची पेशी तिला हात लावते
आणि थबकते.
मग बोलते. तोंड नाही तिला, ती प्रथिनं सोडते,
इतकी बारीक की माझ्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत;
शेजारचं भांडण भिंतीतून कळावं
तशी मला ती माहीत.
एक म्हणतं, इकडे या.
एक रक्तवाहिनीला म्हणतं, दार जरा सैल कर.
इंटरफेरॉन आलेल्यांच्या कानाशी लागतं:
नुसते उभे राहू नका, पेटा.
आणि एक मागाहून येतं, म्हणतं, पुरे,
घर जाळू नका.
बाबांच्या छातीत बत्तीस उन्हाळे हे बोलणं चाललंय.
ते एकदा खोकतात आणि चहा मागतात.

खाट अकरा. प्रज्योत गजभिये, कामठी, वय एकोणीस.
कॅन्सरच्या औषधानं पांढऱ्या पेशी झाडून नेलेल्या.
थुंकीत मला धागे दिसले, तिरके फाटे फुटलेले.
त्याचं फुफ्फुस हाका मारत होतं,
सांगावे सुटत होते,
गावात माणूसच नव्हतं.

मी वर गेले. वॉर्डाच्या दारात कूलर.
म्हटलं, हा आधी काढा.
‘मॅडम, सत्तेचाळीस डिग्री हाये, काऊन काढता?’
ताटी ओढली तर सुतळीची गाठ दिसली:
दुहेरी, विणकराची, टोक आत दडवलेलं.
ती गाठ मी लहानपणी
वेणीच्या रिबिनीला मारत असे.

घरी दोन दिवस सांगितलं नाही.
तिसऱ्या रात्री सांगितलं.
‘त्या पोराच्या खिडकीतून हवा येत नव्हती का?’ बाबा म्हणाले.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, ‘ताटी मागच्या सालची असंन.
बदलायचे पैसे नाही म्हणाले होते.’

बुरशीचं औषध चालूच होतं.
त्यासोबत रोज संध्याकाळी एक सुई:
तोही सांगावाच, पण बाटलीतला,
कुठल्याशा कारखान्यात जिवाणूंकडून घडवून घेतलेला,
हाडांतल्या मगजाच्या नावे,
पोरं पाठवा.
शंभर. दीडशे. पुन्हा शंभर.
रविवारी मोजायचं मशीन बंद पडलं.
सोमवारी नऊशे वीस.
मी काचेवर पुन्हा मोजलं, डोळ्यांनी,
एकेक पेशी, हजेरी घ्यावी तशी.

तो बरा झाला असं मी लिहिणार नाही.
खाटेवरच आहे. आंबा मागतो,
डॉक्टर नाही म्हणतात,
तो माझ्याकडे बघतो, जणू माझं ऐकतील.

बाबा आता जुनं गवत आधी भिजवून काढतात.
तोंडाला माझी जुनी ओढणी, पिवळी.
विडी कानावर.