जन्मस्थळाचा रकाना

विमान रात्रीचं, नागपुरातून.
आई म्हणाली, सकाळची गाडी मिळते का बघ, जंगलातली.
मी म्हटलं, आज? बॅगा डिक्कीत ठेवून?
ती म्हणाली, मंग कधी.

तर पहाटे साडेपाचला आम्ही गेटवर.
धानाच्या बांध्या कापून झालेल्या, वर धुकं,
आणि आईच्या अंगात दादानं पाठवलेला स्वेटर,
घडीच्या खुणा अजून तशाच.
तिकडं उन्हाळा आहे, असं तो फोनवर सांगतो.
नोव्हेंबरात उन्हाळा.
आईला हे काही पटलेलं नाही.

ओळखपत्र, खिडकीतून आवाज आला.
आधार मोठ्या बॅगेत, जवसाच्या चटणीखाली.
पर्समधून तिनं पासपोर्ट काढला,
चार महिन्यांपूर्वी आलेला, प्लास्टिकच्या पिशवीतला,
एकाही देशानं अजून न उघडलेला.
खिडकीतल्या पोरानं नंबर उतरवला,
सायत्राबाई दसरू मडावी, वय बासष्ट,
मग त्याचं बोट थांबलं.
जन्मस्थळ: पांढरझरी.
"मावशी, हे तं आत आहे."
"होय ना," आई म्हणाली, "मी बाहेर आहो."

तिकीट काढलं. मोबाईल जमा केले.
सोबत पुण्याचं एक जोडपं, गळ्यात दुर्बिणी.
आईला मागच्या उंच सीटवर चढवताना
गाइड म्हणाला, हात आत ठेवा, मोठ्यानं बोलू नका,
आणि काही झालं तरी खाली उतरायचं नाही.
नाव लोमेश. असेल बावीसचा.
पाखरांची इंग्रजी नावं त्याला पाठ होती.

एका वळणावर ओला ठसा, वाघिणीचा.
सगळे वाकले. आईही वाकली, मान हलवली,
शेजारी कोण आलं-गेलं ते बघावं तशी.

पुढं एकदम मोकळं.
हे कुरण नंबर चार, लोमेश म्हणाला,
गवताच्या बारा जाती, चितळं दीडशेच्या वर,
डावीकडं पाणवठा, वाघीण दुपारी तिथंच बसते.
"तिथं आमी भांडे घासत होतो,"
आई म्हणाली. हळूच म्हणाली, नियम पाळून.

मग दाखवू लागली, बोटानं नाही, हनुवटीनं.
ते वारूळ, तिथं कोंडवाडा.
त्या खड्ड्यात आपली चूल.
आणि ती नीलगाय उभी आहे ना,
ती मोठ्या काकाच्या ओसरीत उभी आहे.
गाव उठलं तेव्हा मी हिच्या कडेवर होते.
मला ओसरी दिसेना. नीलगाय दिसली.

लोमेशनं हातातलं पुस्तक मिटलं.
पुण्याच्या काकूंनी कुजबुजत विचारलं, टायगर का?
मी म्हटलं, नाही, चिंच.

कुरणाच्या कडेला एकटी चिंच,
वर वानरं, हिरव्या आकड्यांनी लदलेली.
बारा पावलं. फार तर पंधरा.
आईनं लोखंडी दांडीवर हात ठेवला.
लोमेश काही बोलला नाही.
ड्रायव्हरनं आरशात बघितलं.
इंजिन बंद होतं, ते बंदच राहिलं
वाघासाठी ठेवतात त्याहून जास्त वेळ.
मग हात दांडीवरून मांडीवर आला.
एका वानरानं आकडा अर्धा खाल्ला
आणि टाकून दिला.

बाहेर पडताना रजिस्टर. वेळ, सही, शेरा.
वर कुणीतरी लिहिलेलं: वाघीण, दोन पिल्लं, अप्रतिम.
त्याच्या वर: काहीच दिसलं नाही, पैसे वाया.
आईनं पेन घेतला.
प्रौढ शिक्षणाच्या वर्गातलं तिचं अक्षर,
दर अक्षराला स्वतःची वेगळी रेघ:
चिंच आहे. लागली आहे.

वरोऱ्यापर्यंत झोपली ती, तोंड किंचित उघडं,
स्वेटरच्या बाहीत गाडीला घासलेल्या गवताचं कुसळ.
जांबला चहा घेतला.
बिस्कीट बुडवलं, ते तुटून कपात पडलं,
ते बोटानं शोधता शोधता म्हणाली,
"तिकडं उतरू देतेत नं खाली?"