डावं-उजवं

खोत हवालदार विचारतात, "कुठल्या अंगानं मारणार?"
मी दोन्ही तळवे उघडून बघत राहते,
सुट्टे पैसे कमी पडल्यासारखी.

टेंबलाईच्या टेकडीखालचा माळ.
सकाळचे सहा, गवत ओलं,
लांबवर कुठल्यातरी गुऱ्हाळाचा धूर.
फौंड्रीतल्या हिशेबनीस बाईला
साहेबांनी वर्षाअखेरीस बक्षीस दिलं:
गोल्फच्या दहा शिकवण्या.
(मला मिक्सर हवा होता.)
दहातली ही पहिली,
आणि पहिलाच प्रश्न अवघड.

लिहिते उजव्यानं.
त्याआधी डाव्यानं लिहायची; पहिलीत इनामदार बाईंनी
तो हात रुमालात गुंडाळून
वर्षभर मांडीवर ठेवायला लावला.
दगड मात्र अजून डाव्यानंच.
चिंचा पाडल्यात, एका मास्तरांची काचही.
केरसुणी डावी, चमचा उजवा.
वेणी कुठल्या हातानं सुरू करते
ते केसांना विचारावं लागेल.
भाकरी दोन्ही हातांत फिरते, गोल होते,
तिनं कधी चौकशी केली नाही.
देवळात प्रसाद घेताना आई कोपर ढोसायची,
"त्यो न्हवं गं, दुसरा!"
दुसरा म्हणजे कुठला,
हे कळायला मला अजून क्षणभर लागतो.

बाप सुभाषनगरात चपला शिवायचा.
त्याच्या रापीला एकाच अंगानं धार.
माझ्या हातात आली की कातडं
नदीच्या वळणासारखं कापलं जायचं.
"हात डावा हाय तुझा," म्हणायचा,
रागानं नाही,
आज बुधवार हाय म्हणावं तसं.
पण गिऱ्हाइकानं नवा जोड उलटापालटा करून
यातली डावी कुठली विचारलं, की हसायचा.
"नव्या चपलेला डावं-उजवं नसतंय, मालक.
आठ दिवस घाला.
पाय शिकवतोय तिला."

शेडमध्ये तेवीस काठ्या उजव्या.
डावी एकच, सात नंबरची, गंजलेली,
कुण्या बदली झालेल्या मेजरनं मागं ठेवलेली.
खोत तिच्याकडं बोट दाखवत नाहीत,
मीच बघते.

ते समजावतात, तालमीतल्या वस्तादासारखे
पाय रोवून, मान न हलवता:
"उजव्या अंगानं मारलं तरी, बाई,
वाट डावा हातच दाखवतोय.
उजवा आपला मागनं येतोय,
घरजावई आल्यागत."
म्हणजे ज्याला रुमालात गुंडाळलं
तोच इथं पुढारी.
ऐकून बरं वाटलं. थोडा रागही आला,
कुणाचा ते नीट कळलं नाही.

चपला काढल्या. उजव्या अंगानं उभी राहिले.
चेंडू सुटला, शीळ घातली,
बाभळीपलीकडं जाऊन पडला.
"नाद खुळा!" खोत म्हणाले.
मला काहीच वाटलं नाही.
परीक्षेत दुसऱ्याचा पेपर चांगला गेल्यासारखं.

मग ती गंजकी घेतली.
वाकले. हात आपोआप जागेवर बसले,
अंधारात स्वतःच्या घरातलं बटण सापडावं तसे.
फिरवली.
चेंडू होता तिथंच,
मातीचं एक ढेकूळ मात्र
चार हात उडालं, खोतांच्या बुटावर पडलं.
पण कमरेत कुठंतरी
एक बिजागरी हलली,
चाळीस वर्षं तेल नसलेली.

पुन्हा फिरवली. पुन्हा ढेकूळ.
तिसऱ्यांदा चेंडूनं नुसती मान हलवली.

खोत बराच वेळ गप्प.
मग बूट झाडत म्हणाले,
"मंगळवारी येताना जरा उशिरा या.
गंज काढून ठेवतो तिचा."

गवतातनं चपला शोधून पाय सरकवले, निघाले.
गेटपाशी कळलं,
उलट्या घातल्यात.
आठ वर्षांच्या, चांगल्या शिकलेल्या चपला,
अंगठ्यापाशी चावत होत्या.
स्टॉपवर बस लागलेली दिसली.
तशीच पळाले.