ठसका

तीन वाजून सात मिनिटांनी आलेखातली रेघ
बसल्या जागेवरून उठली.
वर, पाच हजार मीटरवर, पांढऱ्या थाळ्या
एकीकडे तोंड करून उभ्या;
खाली तळावर आम्ही तिघं आणि हीटरची घरघर.
इसिडोराने कानावरची पेन्सिल काढली:
"खाल्लं वाटतं काहीतरी त्याने."

त्याने, म्हणजे आकाशगंगेच्या मधोमध बसलेल्याने.
चाळीस लाख सूर्यांचं वजन, आणि सदा अर्धपोटी.
कधीतरी वायूचा एखादा घास
कडेकडेने फिरत येतो, तापतो,
आणि घशाखाली उतरण्याआधी
लागतो ठसका.
तेवढाच उजेड आपल्या वाट्याचा.
गिळलेल्याची खबर येत नाही.

युफेमिया कोल्के पतास्काचं पातेलं घेऊन आली,
फुटलेला मका, मांस, वर चिमूटभर ओरेगानो.
पडद्याकडे बघून म्हणाली, कोण खोकतंय?

तिला कळणारच.
तिचा रेमिहियो अठ्ठावीस वर्षं तांब्याच्या खाणीत,
वरून पाहिलं तर तळातला ट्रक मुंगीएवढा.
खाणीने त्याला गिळलं नाही.
रोज परत दिलं,
दर वेळी थोडं कमी.
मग घरी, भिंतीला टेकून, रात्र रात्र
तो खाण बाहेर काढत राहिला.

इसिडोरा सांगत होती:
दूरच्या दीर्घिकांत याचे हावरट भाऊबंद आहेत.
खातात त्याहून उधळतात जास्त.
त्यांच्या तोंडचा वारा असा सुटतो
की घरातला सगळा वायू उंबऱ्याबाहेर,
आणि त्या घरात मग पाळणा हलत नाही.

"आमच्या ओढ्याचं पाणी असंच गेलं, पाइपातून,"
युफेमिया वाढता वाढता म्हणाली.
"गावात आता नऊ जण. सगळ्यात धाकटी मी."

इसिडोरा चमचा हातात धरून बसली.

बाहेर आलो. थंडी दातांत.
तिच्या माणसांना आभाळात तारे नव्हे,
ताऱ्यांमधला काळोख ओळखीचा:
ती मान, ती लामा, ते पोटाखालचं पाडस.
तिने पहिला चमचा जमिनीला दिला.
मी म्हटलं, आमच्याकडे ठसका लागला
की पाठीवर थोपटतात, म्हणतात, वर बघ.

ती हसली.
"आणि त्याने? त्याने कुठे बघायचं?"

आत रेघ खाली बसली होती.
इसिडोराने वहीत लिहिलं: त्रेचाळीस मिनिटं.
सव्वीस हजार वर्षांपूर्वीची.
माझ्या वाडग्यावर
तुपकट साय धरली होती.