काळं

पॉलिशचं चाक फिरायला लागलं
की काळं उडतं.
मेण, पोलाद, कुणाच्या तरी आज्याचा गंज,
सगळ्यांचं मिळून एक बारीक, चिकट काळं.
भिंतीला लागतं, वाशांना लागतं,
एकदा कुमुदच्या वाळत घातलेल्या सोलांना लागलं.
तो दिवस मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून चाकामागे
वेंगुर्ला बंदरावरची फुटकी मासळीची क्रेट,
आत निवडणुकीचा जुना फ्लेक्स.
उमेदवार हात जोडून हसत असतो.
संध्याकाळपर्यंत त्याला मिशा येतात.

चिंध्यांचे पाच डबे, बिस्किटांचे.
जाडी वाळू, बारीक वाळू, हिरवं मेण, पांढरं मेण,
पाचवा नुसत्या सुती पंचाचा.
या डब्यातली त्या डब्यात गेली
तर एक कण पुरतो:
आठ दिवस घासून आरसा झालेल्या पात्यावर
एक ओरखडा, टोकापासून टोकापर्यंत.
माझी शिस्त स्वभावाची नाही, भीतीची आहे.

उभादांड्याच्या इनासने
बापाचा वस्तरा आणून दिला रुमालात बांधून.
बाप बोटीवर स्टुअर्ड होता.
शिंगाची मूठ किडीने खाल्लेली,
बिजागरीत साबण दगड होऊन बसलेला.
टाचणीनं कोरून काढला. वास आला नाही.
नाकात माझ्याच चाकाचं काळं होतं.

दर्या इथून दोनशे पावलं.
पातं रात्री उघडं राहिलं
तर पहाटे त्यावर तांबूस पुरळ.
म्हणून खोबरेल, मग मेणकागद, मग डबा,
मग हात: आधी रॉकेल,
मग चुलीतली राख,
मग सोडणाच्या काथ्यानं नखं.

धार लागली की नाही ते गालच सांगतो.
वस्तऱ्यामागे दोन बोटं गाल, जास्त नाही;
उरलेली दाढी पुढच्या गिऱ्हाइकांसाठी.
बाजारात माझं तोंड बघून
मासेवाली रोझी विचारते,
"तीन झाले मां रे ह्या महिन्यात?"

इनासचा आज झाला.
पात्यात मला माझा डोळा दिसला,
पापणीवर काळं.

"हात धुतल्याशिवाय स्विचाक हात लावू नको हां,"
कुमुद आतून.
लावला होता.
पांढऱ्या स्विचवर अंगठा, रेषा न् रेषा.
पाचव्या डब्यातला पंचा घेऊन गेलो.
पुसताना दिवा गेला, आला, गेला.
अंधारात चाचपत पुसत राहिलो.
स्वच्छ झालं की नाही,
सकाळी कुमुद सांगेल.