पिवळं परत येतं तेव्हा

रात्रीचे दोन. ग्रोनिंगेन. तळघरात
यंत्राचा पंखा आणि मी.
हवा काढून घेतलेल्या काचेत एन्झाइम,
मे महिन्यातल्या ओल्डाम्ब्टच्या मोहरीइतकं पिवळं.
आधी फिनॉल सोडते,
मग एनएडीपीएचचा थेंब,
आणि रंग उतरतो पाण्यापर्यंत.
येल्मर म्हणतो, विझलं.
विझलं नाही रे. दबा धरून बसलंय.

फिनॉलचा वास मला शाळेआधीपासून ठाऊक.
बाबा गॅसच्या कारखान्यातून यायचे
तेव्हा नखांत डांबर, कॉलरला हा वास.
आई त्यांचे सदरे वेगळे वाळत घालायची,
कालव्याच्या अंगाला.
कारखाना पाडला. वास मातीत राहिला.
पुढे ती माती उकरली तेव्हा
एक यीस्ट निघालं, त्याच वासावर पोसलेलं.

सहा कार्बन, हातात हात घालून बसलेले;
कुणालाही मध्ये घेत नाहीत.
आणि ऑक्सिजन, जो एरवी
पुलाचं लोखंडसुद्धा खातो,
या कड्याच्या दाराशी नुसता ताटकळतो.

मध्ये पडतं ते फ्लेविन.
पण ते उगाच चूल पेटवत नाही.
पानावर कोणी बसलंय का, हे आधी चाचपतं.
फिनॉल आत असेल तरच पटापट इलेक्ट्रॉन घेतं,
घेतले की ऑक्सिजनला धरतं,
अख्खी जोडी, एका टोकाने.
मग
लांबचा अणू कड्याला जाऊन बसतो,
जवळचा पाणी होऊन निघून जातो.
पडद्यावर रेघ चढते.
पिवळं परत.
पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

कधी हातून सुटतंही.
कड्यापर्यंत पोचण्याआधीच ऑक्सिजन
पेरॉक्साइड होऊन सांडतो,
उसना घेतलेला सगळा खर्च पाण्यात.
वहीत मी तेही लिहिते: नऊ टक्के.
येल्मरला ते खोडावंसं वाटतं.
मी पेन माझ्याकडे ठेवते.

रविवारी हूगेझांडला जाते.
बाबांच्या नाकात नळी,
खाटेखाली ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरतं.
‘काय गं हिस्के,’ ते दम घेत विचारतात,
‘तुझं ते पिवळं जेवलं का?’
जेवतंय, म्हणते.
‘डांबर?’
डांबरातलं थोडंसं.
ते हसतात, खोकतात, नळी सरळ करतात.
मग आम्ही दोघं खिडकीतून बघत राहतो:
खाली एक बाई सायकलला कुलूप लावतेय,
किल्ली काही केल्या फिरत नाही.